बोट सुटण्यापूर्वी मास्क चेहऱ्यावर बसवून पाहावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात बंद असलेल्या समुद्रसहली दसऱ्याच्या सुमारास पुन्हा सुरू होतात आणि पुढे मे महिन्यापर्यंत वास्कोजवळच्या ग्रांद बेटाकडे स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली पाहणे) आणि स्कुबा डायव्हिंग (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणे) यांसाठी बोटी जात राहतात. त्यांत बाहेरून आलेले पर्यटक असतात, तशीच डिचोलीची, फोंड्याची, सांग्याची आपली माणसेही असतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना नदीत किंवा तळीत पोहता येत असले, तरी समुद्राच्या पाण्याखाली डोळे उघडून पाहण्याचा तो त्यांचा पहिलाच प्रसंग असतो. अशा प्रत्येकाच्या हाती बोटीवर डोळे आणि नाक झाकणारा, पुढे काच असलेला एक मास्क ठेवला जातो. तो मास्क त्या माणसाच्या चेहऱ्याला बसतो की नाही, हे पाण्यात उतरण्यापूर्वी कोणी तपासून पाहिल्याचे मी स्वतः गेलेल्या तिन्ही सहलींत मला एकदाही दिसले नाही. या एकाच गोष्टीबद्दल लिहिण्यासाठी आपल्या पत्रात थोडी जागा मागत आहे.

मी म्हापशात गेली एकोणीस वर्षे डोळे तपासून चष्मे देण्याचे काम करते. माणसाचे नाक, गालाची हाडे आणि कानशिले यांच्याशी माझा रोजचा संबंध येतो, आणि म्हणूनच गेल्या डिसेंबरात माझ्या मुलीच्या बाबतीत जे घडले, त्याचे कारण मला इतरांपेक्षा थोडे लवकर उमगले असावे. ते कारण सर्वांना कळावे असे मला मनापासून वाटते.

मुलीला अकरावे वर्ष लागले म्हणून आम्ही घरची पाच माणसे सहलीला गेलो होतो. बेटाच्या आडोशाला बोटीने नांगर टाकल्यावर एका निळ्या प्लास्टिकच्या टबातून मास्क वाटण्यात आले. बारा-पंधरा मास्क होते आणि सगळे एकाच मापाचे होते. मुलीने आपला मास्क लावला, तेव्हा तो तिच्या कानशिलांपाशी उघडा राहत होता. ते पाहून बोटीवरच्या मदतनिसाने मागचा पट्टा दोन्ही बाजूंनी ओढून घट्ट केला आणि ‘आता पाणी येणार नाही’ असे सांगितले. तो मुलगा वाईट नव्हता, त्याला तसेच शिकवले गेले असावे. मुलीने लाइफ जॅकेट घातले होते, तोंडात स्नॉर्केलची नळी होती, आणि ती पाण्यावर पालथी तरंगत खाली पाहू लागली. अर्ध्या मिनिटात मास्कमध्ये पाणी शिरले. आधी ते नाकाशी साचले आणि मग डोळ्यांपर्यंत चढले. नाकात पाणी गेल्याबरोबर तिने मास्क ओरबाडून काढला, त्या झटापटीत तोंडातली नळीही सुटली, आणि ती खारे पाणी प्यायली. लाइफ जॅकेटमुळे ती वरच होती आणि मी हाताच्या अंतरावर होते, म्हणून खोकल्यापलीकडे काही झाले नाही. परंतु बोटीत बसल्यावर तिचे दात ज्या प्रकारे वाजत होते, ते थंडीमुळे नव्हते. त्यानंतर चार महिने ती पोहण्याच्या वर्गाला गेली नाही.

त्या वेळी मी तिचा चेहरा जवळून पाहिला. गालाच्या हाडांवर आणि कपाळाच्या मध्यभागी मास्कच्या कडेचे खोल, लाल वळ उमटले होते, तर कानशिलांपाशी आणि नाकाखाली त्वचा जशीच्या तशी होती. चष्मा कुठे टेकतो आणि कुठे टेकत नाही, हे मी नाकावरच्या खुणांवरून रोज ओळखते. येथेही चित्र तितकेच स्पष्ट होते. मास्क तिच्या चेहऱ्यापेक्षा रुंद होता. पट्टा ओढल्यामुळे तो टेकणाऱ्या जागी अधिक रुतला, पण जेथे फट होती तेथे फटच राहिली. उलट जास्त ताणामुळे मऊ कडेला घडी पडते आणि नसलेली फटही तयार होते. पट्ट्याचे काम मास्क जागेवर धरून ठेवण्याचे आहे, पाणी अडवण्याचे नाही. पाणी अडते ते चेहऱ्याच्या आणि कडेच्या आकारांचा मेळ बसल्यामुळे, आणि तो मेळ नसेल तर पट्ट्याने तो आणता येत नाही.

मुळात मास्क लागतो कशाला, हे थोडक्यात सांगते. आपल्या डोळ्याची एकूण प्रकाश वळवण्याची शक्ती सुमारे 60 डायऑप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) असते आणि तिचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याकडून, म्हणजे कॉर्नियाकडून येतो. हा पडदा हवेला लागून असतो तेव्हाच ते काम करू शकतो. पाण्याला लागला की त्याची जवळजवळ सगळी शक्ती जाते, कारण पाणी आणि कॉर्निया प्रकाशाला साधारण सारखेच वळवतात. म्हणून उघड्या डोळ्यांनी पाण्याखाली सारे धूसर दिसते. मास्क डोळ्यांपुढे हवेचा एक कप्पा धरून ठेवतो आणि दृष्टी परत मिळते. हा कप्पा टिकला तरच मास्कचा उपयोग, आणि तो टिकवण्याचे सारे काम काचेभोवतीच्या त्या मऊ कडेवर असते. या व्यवसायातले लोक तिला ‘स्कर्ट’ म्हणतात.

त्या कप्प्यात नाकही असावे लागते. पोहण्याचे साधे गॉगल घालून खोल जाऊ नये, असे जे सांगतात, त्याचे कारण हेच आहे. समुद्रात 10 मीटर खाली गेल्यावर शरीरावरचा दाब पृष्ठभागावरच्या दाबाच्या दुप्पट होतो, आणि 5 मीटरवरच तो दीडपट झालेला असतो. बाहेरचा दाब वाढला की मास्कमधली हवा आक्रसू लागते आणि मास्क चेहऱ्याला ओढून धरतो. नाक आत असेल तर नाकाने हळूच थोडी हवा सोडून हा ओढा कमी करता येतो. गॉगलमध्ये तशी सोय नाही. गेल्या फेब्रुवारीत एक तरुण माझ्याकडे घाबरून आला होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांचे पांढरे भाग रक्तासारखे लाल झाले होते आणि पापण्यांखाली सूज होती. आदल्या दिवशी त्याने पहिल्यांदाच स्कुबा केले होते. नाकाने हवा सोडायची असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितलेले त्याच्या लक्षात राहिले नव्हते. डोळ्याच्या वरच्या पातळ आवरणाखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. मी त्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. दृष्टीला इजा नव्हती आणि दोन आठवड्यांत लाली गेली. मास्क चांगला बसला म्हणजे सारे झाले असे नाही, हे येथे सांगणे भाग आहे, कारण उत्तम बसणारा मास्क तर चेहऱ्याला अधिकच ओढून धरतो.

आता मुख्य मुद्दा, मास्क बसतो की नाही हे पाहायचे कसे. यासाठी पाणी लागत नाही. दुकानात, जेटीवर किंवा घरी आरशासमोर हे करता येते आणि दोन-तीन मिनिटे पुरतात. पट्टा काचेच्या पुढच्या बाजूला उलटवून ठेवावा, म्हणजे तो मध्ये येत नाही. मग चेहरा छताकडे करावा आणि मास्क नुसता चेहऱ्यावर ठेवावा. हाताने दाबू नये आणि श्वासही ओढू नये. या स्थितीत कड चेहऱ्याला सर्व बाजूंनी टेकली आहे का, हे दुसऱ्या कोणाला तरी पाहायला सांगावे. कानशिलांपाशी, दोन भुवयांच्या मध्ये आणि नाकाखाली ओठाच्या वर अशा तीन ठिकाणी बहुतेक फटी सापडतात. मास्क सगळीकडे टेकला असेल तरच पुढे जावे. मग नाकाने अगदी हळू, फुलाचा वास घेताना घेतो तितका श्वास आत घ्यावा आणि रोखून धरावा. हात सोडून चेहरा सरळ करावा आणि मग खाली वाकवावा. पाच-दहा सेकंद मास्क आपल्या आपण चिकटून राहिला पाहिजे. पुन्हा पुन्हा श्वास ओढावा लागत असेल तर कोठून तरी हवा आत येत आहे, आणि जेथून हवा येते तेथून पाणी येणारच.

येथे एक चूक हमखास होते, आणि मी स्वतः मुलीसाठी नवा मास्क घेताना पहिल्या दुकानात ती केली. श्वास जोरात ओढला की जवळजवळ कोणताही मास्क चेहऱ्याला चिकटतो, कारण त्या ओढीने मऊ कड ओढली जाऊन फट तात्पुरती बुजते. विक्रेताही ‘पाहा, पडत नाही’ म्हणून दाखवतो. पाण्यात मात्र आपण इतक्या जोराने नाकाने श्वास ओढून धरत नाही, आपण तोंडाने श्वास घेत असतो, आणि मग ती फट उघडते. म्हणून आधी नुसते टेकवून पाहणे आणि मग हळू श्वास घेणे, हा क्रम महत्त्वाचा आहे.

दुसरी गोष्ट अशी की हीच परीक्षा तोंडात स्नॉर्केलचा किंवा रेग्युलेटरचा, म्हणजे स्कुबाच्या टाकीतली हवा तोंडात देणाऱ्या उपकरणाचा, तोंडाचा भाग धरून पुन्हा करावी. तोंडात काही धरले की वरचा ओठ पुढे येतो, गालांचा आकार बदलतो आणि नाकाच्या दोन्ही बाजूंच्या रेषा खोल होतात. मोकळ्या तोंडाने उत्तम बसलेला मास्क नळी धरल्यावर नाकाखाली सुटतो, असे मी दोनदा पाहिले आहे. त्याच वेळी मास्कवरून नाक दोन बोटांच्या चिमटीत नीट धरता येते का, हेही पाहावे. स्कुबात खाली जाताना कान मोकळे करण्यासाठी नाक दाबून हळूच फुंकावे लागते, आणि नाकाची पिशवी कडक किंवा फार मोठी असेल तर चिमूट बसत नाही. पापण्यांचे केस काचेला लागत नाहीत ना, आणि मास्कची चौकट नाकाच्या हाडावर किंवा कपाळावर टोचत नाही ना, हे पाहण्यासाठी मास्क दोन मिनिटे तसाच ठेवावा. चष्म्याच्या बाबतीत मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते की दुकानात किंचित टोचणारी फ्रेम संध्याकाळपर्यंत असह्य होते. मास्कचेही तसेच आहे.

सड्यावरचे एक काका माझ्याकडे जवळच्या नंबरासाठी येतात. तरुणपणापासून ते खडकांवरचे शिनाणे, म्हणजे शिंपले, काढण्यासाठी बुडी मारत आले आहेत. मुलीची हकीकत मी त्यांना सांगितली, तेव्हा ते म्हणाले, ‘‘मास्क बरो बसलो काय ना, तें दर्यांत गेल्यार कळून उपकारना, वयरच कळूंक जाय.’’ म्हणजे मास्क नीट बसला की नाही, हे समुद्रात गेल्यावर कळून उपयोग नाही, वरच कळायला हवे. त्यांनी आपल्या मास्कची कड मला दाखवली. वर्षानुवर्षे वापरूनही ती लवचीक होती, कारण प्रत्येक वेळी ते तो गोड्या पाण्याने धुतात, सावलीत वाळवतात आणि काच वर करून ठेवतात, कडेवर कधी वजन येऊ देत नाहीत. बोटीवरच्या त्या टबात मास्क एकमेकांवर दाबून, उन्हात पडले होते. अशाने कड वाकडी होते आणि वाकडी झालेली कड कोणाच्याच चेहऱ्याला बसत नाही.

आपल्याकडच्या माणसांसाठी काही गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतील. मिशा असणाऱ्यांचा मास्क नाकाखाली गळतो, कारण कड त्वचेवर टेकण्याऐवजी केसांवर टेकते आणि केसांच्या मधून पाणी वाट काढते. मिशी काढण्याची गरज नसते. नाकाच्या अगदी खाली, मिशीच्या वरच्या कडेला एक बारीक पट्टी साफ केली तरी कडेला टेकायला जागा मिळते. ज्यांना तेही नको असेल ते त्या जागी सिलिकॉनचे ग्रीस लावतात. स्त्रियांनी कपाळावरची टिकली काढून ठेवावी, कारण ती बरोबर वरच्या कडेखाली येऊ शकते आणि तेवढ्या जाडीनेही फट पडते. नाकातली चमकी चिमटीत टोचते. कपाळावरचे बारीक सुटे केस, मुलींच्या कानाजवळच्या बटा आणि पोहण्याच्या टोपीची कड यांपैकी काहीही स्कर्टखाली अडकू देऊ नये. मास्क लावल्यावर त्याच्या कडेखालून बोट फिरवून केस बाहेर काढावेत. अंबाडा किंवा उंच बांधलेली शेपटी असेल तर पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, कानांच्या थोडा वर नीट बसत नाही, तेव्हा केस खाली मानेशी बांधावेत. चेहऱ्याला खोबरेल किंवा उन्हाचे क्रीम थापून मास्क लावू नये. कड घसरते, आणि आत पाणी शिरले की ते क्रीम डोळ्यांत जाऊन इतके झोंबते की डोळे उघडवत नाहीत.

लहान मुलांच्या बाबतीत मला अधिक आग्रहाने लिहायचे आहे. मुलाचा चेहरा म्हणजे मोठ्या माणसाच्या चेहऱ्याची छोटी प्रत नसते. नाकाचे हाड अजून वर आलेले नसते, कपाळ तुलनेने मोठे असते आणि डोळ्यांमधले अंतर कमी असते. मोठ्यांचा मास्क पट्टा आवळून मुलाला चालवणे म्हणजे वडिलांचा चष्मा दोरी बांधून मुलाला घालण्यासारखे आहे. नंबर तर चुकतोच, पण फ्रेमही कोठेच टेकत नाही. मुलांसाठी वेगळ्या आकाराचे मास्क मिळतात आणि बोटीवर तसे चार तरी असायला हवेत. अरुंद चेहऱ्याच्या मोठ्या माणसांनाही, विशेषतः स्त्रियांना, पुष्कळदा असाच लहान किंवा मध्यम मास्क लागतो.

घेताना साहित्याकडेही पाहावे. स्कर्ट सिलिकॉनची असावी. स्वस्त मास्कची प्लास्टिकची कड कडक असते, ती चेहऱ्याच्या वळणांशी जुळत नाही आणि काही दिवसांत आणखी ताठ होते. काच टेम्पर्ड असावी आणि तसा शब्द किंवा निदान ‘टी’ हे अक्षर काचेवर कोरलेले असावे. अशी काच फुटलीच तर तिचे धारदार तुकडे होत नाहीत. बाकी रंग, चौकटीचा आकार, काच एक असावी की दोन, हा आवडीचा प्रश्न आहे. आत कमी हवा मावणारा मास्क खोल बुडी मारणाऱ्यांना सोयीचा पडतो, एवढेच येथे सांगून पुढे जाते.

नंबर असणाऱ्यांसाठी मात्र दोन काचांचा मास्क सोयीचा ठरतो, आणि हा माझ्या कामाचा भाग असल्याने थोडे सविस्तर लिहिते. चष्मा मास्कच्या आत घालता येत नाही, कारण त्याच्या दांड्या स्कर्टखालून बाहेर येतात आणि तेथून पाणी शिरते. दांड्या मोडून चष्मा आत चिकटवण्याचे प्रकार मी पाहिले आहेत, ते करू नयेत. काही दोन काचांच्या मास्कसाठी उणे नंबरच्या तयार काचा मिळतात, साधारण अर्ध्या डायऑप्टरच्या टप्प्याने, आणि उजव्या-डाव्या डोळ्यासाठी वेगवेगळ्या बसवता येतात. या तयार काचांत सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या असमान वक्रतेसाठी चष्म्यात दिला जाणारा वेगळा नंबर, नसतो. समजा एखाद्याचा नंबर उणे 3 आणि सिलिंडर उणे 1 असेल, तर सिलिंडरचा अर्धा भाग मूळ नंबरात मिळवून उणे 3.5 ची काच निवडतात, आणि पाण्याखाली पाहण्यास ती बहुधा पुरेशी होते. सिलिंडर मोठा असेल तर मात्र खास काच करवून ती मास्कच्या काचेला आतून चिकटवून घ्यावी लागते. पाण्याखाली सपाट काचेतून वस्तू मूळ अंतराच्या सुमारे तीन चतुर्थांश अंतरावर असल्यासारख्या आणि साधारण एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, म्हणजे 30 सेंटीमीटरचा मासा 40 सेंटीमीटरचा वाटतो. त्यामुळे अगदी कमी नंबर असलेल्यांचे बऱ्याचदा साध्या काचेवर भागते. शिवाय ग्रांद बेटाच्या परिसरात पाणी पुष्कळदा गढूळ असते आणि फार दूरचे कोणालाच दिसत नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मऊ, एक दिवसाची लेन्स घालावी आणि पाण्यातून आल्यावर ती फेकून द्यावी, कारण पाण्यातले जंतू लेन्सखाली राहिल्यास कॉर्नियाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. स्कुबासाठी कडक लेन्स टाळावी, खोलावरून वर येताना तिच्याखाली वायूचे बुडबुडे अडकतात. मास्कमध्ये पाणी आलेच तर डोळे मिटून ते बाहेर काढावे, म्हणजे लेन्स वाहून जात नाही. चाळिशी लागलेल्यांना दूरचे मासे दिसतात, पण जवळच्या उपकरणांवरचा हवेचा आणि खोलीचा आकडा वाचता येत नाही. त्यांनी आपल्या प्रशिक्षकाला हे आधी सांगावे.

तोंड आणि नाक दोन्ही झाकणारा, वरती नळी जोडलेला संपूर्ण चेहऱ्याचा मास्क हल्ली ऑनलाइन सहज मिळतो आणि नवख्यांना तो सोपा वाटतो. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. त्यात बुडी मारता येत नाही, कारण बहुतेक रचनांत नाक दाबून कान मोकळे करता येत नाहीत. आतल्या झडपा नीट काम करत नसतील किंवा माप चुकले असेल, तर सोडलेली हवाच पुन्हा श्वासात येते. पाणी शिरल्यास तो पटकन काढताही येत नाही. शांत पाण्यात, वर तरंगतच राहणाऱ्यांनी तो वापरायचा ठरवला, तरी मापाची तीच काटेकोर परीक्षा त्यालाही लागू आहे.

काचेवर धुके येणे ही वेगळी तक्रार आहे आणि तिचा मापाशी संबंध नाही, पण लोक दोन्ही एकच समजतात म्हणून सांगते. नव्या मास्कच्या काचेवर आतून कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने तो दोन-तीनदा बोटाने चोळून धुऊन काढावा. नंतर प्रत्येक वेळी लहान मुलांचा शाम्पू पाण्यात मिसळून आतून लावला आणि हलकेच विसळला की काम भागते.

मास्क कितीही चांगला बसला तरी हसल्यावर, नाक आक्रसल्यावर किंवा लाट आदळल्यावर थोडे पाणी आत येऊ शकते. ते बाहेर काढणे सोपे आहे, पण ते आधी शिकलेले असावे लागते. मान किंचित वर करावी, मास्कची वरची चौकट कपाळाशी हलके दाबून धरावी आणि नाकाने सावकाश, लांब श्वास सोडावा. हवा वर जमते आणि पाणी खालच्या कडेतून बाहेर ढकलले जाते. माझ्या मुलीला हे कोणी शिकवले नव्हते, मलाही येत नव्हते. कंबरभर पाण्यात उभे राहून हे चार वेळा केले की भीती पुष्कळ कमी होते, असा आता आमचा अनुभव आहे.

ज्या बोटीवर हे घडले त्यांच्यावर राग काढण्यासाठी हे पत्र नाही. मला अपेक्षित असलेल्या गोष्टी थोड्या आहेत आणि त्यांना फार खर्च येत नाही. प्रत्येक बोटीवर किमान तीन मापांचे मास्क असावेत, त्यांत मुलांचे वेगळे असावेत. मास्क समुद्रात नांगर टाकल्यावर नव्हे, तर जेटीवर, बोट सुटण्यापूर्वी वाटावेत, म्हणजे न बसणारा मास्क बदलायला वेळ मिळतो आणि पाण्यात उतरण्याची घाई नसते. मदतनिसांना पट्टा ओढण्याऐवजी वर सांगितलेली परीक्षा घेण्यास शिकवावे. राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आपल्या गोव्यातच आहे आणि पर्यटन खात्याने मनावर घेतले तर जलक्रीडेचा परवाना देताना एवढी एक अट घालणे अवघड नाही. ग्राहकांनीही विचारायला संकोच करू नये. चष्म्याच्या दुकानात आपण दहा फ्रेम घालून पाहतो आणि कोणी त्याला नावे ठेवत नाही. पाण्याखाली जाताना दुसरा मास्क मागितला, तर त्यात कोणालाही वाईट वाटण्याचे कारण नाही.

मुलीसाठी शेवटी आम्ही पणजीत मास्क घेतला. सहा मास्क लावून पाहिल्यावर सातवा बसला. एप्रिलमध्ये ती पोहण्याच्या तलावात आणि मे महिन्यात मिरामारच्या उथळ पाण्यात तो घालून उतरली. या आठवड्यात पुन्हा ग्रांद बेटाला जायचे तिनेच ठरवले, म्हणून काल संध्याकाळी आरशासमोर तोच मास्क काढून पट्ट्याशिवाय लावून पाहिला. आठ महिन्यांत तिचा चेहरा वाढला आहे. आता नाकाखाली कड पुरत नाही आणि हळू श्वास घेतला की मास्क सुटून हातात येतो. शनिवारी पुन्हा पणजीला जाऊन पुढच्या मापाचा घ्यायचा आहे.

आपली नम्र,
एक दृष्टितपासनीस, म्हापसा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)